वलंदेजी कागदावरचा चेहरा

कला माणसाचा चेहरामोहरा बदलून टाकते. चित्रकलेचा मास्तर म्हणून हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत असे, आणि मुलं ते वळणदार अक्षरात उतरवून घेऊन लगेच विसरत. निवृत्त झाल्यावर सवडीनं आठवून पाहिलं, तर कलेनं चेहरा बदललेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला होता. त्याचाही एकाच बाजूचा बदलला होता.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दसऱ्याला, नव्या खुर्चीत बसण्याच्या तयारीत. नानासाहेब तिरवडेकर, गावचे खोत. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीकाठचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून वाचणारी माणसं आहेत. खोती कायद्यानं जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही गोष्ट खोतांना कुणी कळवली नव्हती. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तेच. मी नुकता रुजू झालेला, नोकरी कायम व्हायची होती. त्यामुळं खुर्चीच्या समारंभाला वेळेच्या आधी हजर होतो.

ओटीवर मधोमध खुर्ची मांडलेली. फणसाच्या लाकडाची, पिवळीधमक, पाठ माणसाच्या डोक्यावर हातभर उंच. त्या पाठीच्या शिखरावर एक चेहरा कोरलेला. आणि मागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, तोच चेहरा कागदावर छापलेला.

"ही आमची सनद, मास्तर," नानासाहेब म्हणाले. "वेंगुर्ल्याला वलंदेजांची, डच लोकांची, वखार होती, ठाऊक असेल तुम्हाला. आमच्या मूळपुरुषानं त्यांना दर्यावरच्या चोरांपासून वाचवलं. त्यांच्या कप्तानानं स्वतःच्या हातानं ही सनद दिली. त्यावरचं हे आमचं मानचिन्ह. इतकी वर्षं भिंतीवर होतं, आता खुर्चीवर आलं."

मी चौकटीजवळ गेलो. काळ्या शाईच्या केसासारख्या बारीक रेघा. पहिल्यांदा दिसले ते शिंपले, कानाच्या पाळ्या, चुलीजवळ राहिलेल्या मेणबत्तीचे ओघळ. मग हळूहळू त्यातून एक चेहरा वर आला आणि माझ्याकडं पाहू लागला. उजव्या हाताची बाजू शांत होती: भुवई सरळ, ओठ मिटलेले, गाल भरलेला. डाव्या हाताची बाजू वितळत होती. डोळा उघडा आणि खाली ओढलेला, गाल खोल गेलेला, ओठांचा कोपरा हनुवटीपर्यंत ओघळून त्याचं पान झालेलं. दोन्ही बाजू मधल्या एका उभ्या रेघेवर भेटत होत्या. भेटून त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता.

मग मी लाकडातला चेहरा पाहिला. सगळं तसंच्या तसं. मला जोराचा खोकला आला.

"काय झालं?"

"भुसा गेला घशात," मी म्हणालो.

"मास्तरानू, रेघ न् रेघ तपासून घेवा," खुर्चीच्या बाजूला छाती काढून उभा असलेला माणूस म्हणाला. हा धाकू मेस्त्री. आपल्या कामाबद्दल लोक काय म्हणतात याची वाट न पाहता तो स्वतःच ते म्हणून टाकत असे. "सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत असा काम कोण करीत तर माका दाखवा. फकस्त दोनी अंगां येगळी कशी, ता मिया पयल्याच दिसा इचारलेलंय."

"आणि मी काय सांगितलं?" नानासाहेब म्हणाले.

"वलंदेजापेक्षा तू शाणो काय, म्हणालात."

"मग?"

"मगे गप कोरलंय."

नानासाहेब हसले आणि खुर्चीत बसले. आता दोन चेहरे एकाखाली एक झाले. ओटीवर जमलेली माणसं वर पाहत, मग खाली पाहत, पुन्हा वर पाहत. कुणीतरी टाळी वाजवली आणि आपण एकटेच आहोत हे लक्षात येऊन हात खाली घेतले. माजघराच्या दारात माईसाहेब, म्हणजे खोतीणबाई, उभ्या होत्या. त्यांनी लाकडाचा चेहरा पाहिला, नवऱ्याचा पाहिला आणि आत गेल्या.

दिवाळी होऊन थंडी पडली. एका सकाळी नानासाहेबांनी चूळ भरली आणि ते पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून आपोआप सदऱ्यावर आलं. पुन्हा भरली, पुन्हा आलं. मग त्यांनी आरसा मागवला.

गाल उतरला होता. ओठ खाली ओढला गेला होता. त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता. आणि बाजू तीच होती.

दुपारपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळपर्यंत गाव समाचाराला येऊन गेलं. माणसं ओटीवर येत, पलंगावरच्या नानासाहेबांकडं पाहत, मग नजर चुकवल्यासारखं करून कोपऱ्यातल्या खुर्चीकडं पाहत, आणि वहाणा हातात घेऊनच अंगण ओलांडत. मोठ्यानं कुणी काही बोललं नाही. जे बोलायचं ते बापूसाहेबांनी बोलायचं असा रिवाज होता.

बापूसाहेब म्हणजे खोतांचे धाकटे बंधू. नानासाहेबांचा भाऊ असणं हाच त्यांचा व्यवसाय. पोट बिघडल्यापासून त्यांनी सुपारी सोडली होती, पण आडकित्ता सुटला नव्हता. तो हातात रिकामाच वाजत असे. शाळेच्या मोडक्या बाकासाठी मी धाकूच्या मांगरात, म्हणजे घराशेजारच्या कामाच्या खोपटात, गेलो होतो, तेव्हा तो आवाज आधी आला आणि मागून बापूसाहेब.

"धाकू, माज्या भावाचा तोंड कोरलंस."

"मिया कागद कोरलंय."

"कागद इतकी वर्सां भिंतीर आसा. तेवां कोणाचा तोंड वाकडा नाय झाला. तू कोरलंस नि झाला."

तर्कशास्त्र म्हणून हे मी नंतर ऐकलेल्या पुष्कळ भाषणांपेक्षा बरं होतं.

"जत्रेक नाना देवळात सरळ तोंडान गेलो तर ठीक," बापूसाहेब म्हणाले. आवाज चढवला नव्हता, हेच वाईट होतं. "नाय गेलो तर त्याच दिसा तुजा बिऱ्हाड खाडीपलीकडे. घर हयच ऱ्हवात. माणसां जातली."

कट्, आडकित्ता वाजला, आणि ते गेले.

धाकू थोडा वेळ आपल्या घराकडं पाहत राहिला. वासा न् वासा त्यानं स्वतः तासलेला होता. "ह्या कसा न्हेऊचा मगे?" तो म्हणाला. मी बाकाचा पाय हातात धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी न्हावी धाकूच्या पायरीवर बसून त्याची दाढी करत होता. एक गाल झाला आणि खोतांच्या गड्यानं लांबूनच निरोप दिला. न्हाव्यानं वस्तरा पुसला, दुसऱ्या गालावरचा साबणही पुसून घेतला, पेटी उचलली आणि मागं न बघता गेला. गावानं धाकूला वाळीत टाकल्याची ती वर्दी होती. विहिरीवर धाकूची बायको पोचली की बाकीच्या कळश्या अर्ध्या भरूनच निघू लागल्या.

उरलेली दाढी धाकूला घरी करता आली असती. त्यानं केली नाही.

"निम्मी त्याणी केल्यान, ती मिया रोज राखतलंय," तो मला म्हणाला. "उरलली त्याची. तोच येवन करतलो."

तसा तो खरंच वागला. एक गाल रोज गुळगुळीत, दुसरा दिवसेंदिवस रानटी. आता गावात असे चेहरे तीन झाले: एक खुर्चीवर, एक पलंगावर, एक रस्त्यानं चालणारा. मुलं शाळेत वाट बदलून येऊ लागली.

आठवड्यानं मला बोलावणं आलं. मी चित्रकलेचा मास्तर, म्हणजे या विषयातला जाणकार. ओटीवर उतरतं ऊन आलं होतं. नानासाहेब पलंगावर, अर्ध्या तोंडावर उपरणं. वर तो न मिटणारा डोळा. शेजारी माईसाहेब हातपंखा घेऊन माशा वारत बसलेल्या. समोर धाकू उभा.

"हुऽफ. ह्होफा," नानासाहेब म्हणाले.

"ते म्हणतात, बसा मास्तर," माईसाहेब म्हणाल्या.

मी बसलो.

"हुफ."

"ते म्हणतात, बापूभावजी, आडकित्ता जरा खाली ठेवा, घरात आजारी माणूस आहे. आणि मेस्त्रींनाही पाट द्या, आल्यापासून उभे आहेत. मास्तरांना चहा आणायला सांगितलाय, आलं घालून."

भाषांतर मुळापेक्षा बरंच ऐसपैस होतं, पण कुणी हरकत घेतली नाही. नानासाहेबांच्या फुटक्या बोलण्यातलं फक्त माईसाहेबांनाच कळतं, हे घरानं मान्य केलेलं दिसलं.

"मास्तर," बापूसाहेब म्हणाले, "धाकू म्हणतो, चेहरा दुरुस्त करतो. दोन्ही अंगं सारखी. प्रश्न असा, की कुठलं अंग कुठल्यासारखं?"

खुर्ची कोपऱ्यातून आमच्याकडं पाहत होती.

"सोपं कुठलं रे, धाकू?" बापूसाहेबांनी विचारलं.

कामाचा प्रश्न विचारल्यावर धाकूला राहवलं नाही. "सोपा इचारशात तर चांगला अंग वायट करूक सोपा. नुसता तासूचा. वायट चांगला करूचा म्हणजे पंचायत. गेलेला लाकूड परत येणा नाय. आख्खो गाल काडून नवो खुट, लाकडाचो तुकडो, बसवूचो लागतलो."

कट्.

"आणि चुकीची बाजू धरलीस तर?" बापूसाहेब म्हणाले. "नानाची दुसरी बाजूही गेली, तर?"

हात लावायला द्यायचं तर ही भीती, आणि न द्यायचं तर जत्रा. मी भिंतीकडं पाहिलं.

"सनद खाली काढता येईल का?"

"काचेबाहेर?" बापूसाहेब उभे राहिले.

"ह्होफ," नानासाहेब म्हणाले.

"ते म्हणतात, काढा."

कागद बाहेर आला. मधोमध उभी घडी होती.

"ही घडी कसली?"

"मूळपुरुषानं पागोट्यात घालून आणली," बापूसाहेब म्हणाले.

"आणि ही बारीक भोकं?"

"कसर लागली मध्यंतरी."

मी कागद उन्हासमोर धरला. भोकाभोकातून उजेड आला आणि कागदावर ठिपक्यांचा एक चेहरा पेटला. निम्माच. सरळ भुवई, मिटलेले ओठ, भरलेला गाल. ओघळलेल्या बाजूला एकही भोक नव्हतं. ती काळीच राहिली.

"ही कसर फार शिस्तीची आहे," मी म्हणालो.

पंखा थांबला होता. मग मला सांगावं लागलं. मुंबईला कलाशाळेच्या ग्रंथालयात असे कागद मी पाहिले होते. हॉलंडात त्या काळी नुसत्या नक्षीचे कागद निघत. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची आणि छापायची. सुतार, सोनार, दगड घडवणारे, सगळे ते घेत आणि भिंतीवर टाचून काम करत. एका कागदात दोन नमुने मावावेत म्हणून मधल्या रेघेच्या एका अंगाला एक तऱ्हा, दुसऱ्या अंगाला दुसरी. कारागिरानं पसंत पडेल ती निवडायची, मधल्या रेघेवर घडी पाडायची, त्याच अंगाच्या रेघांवरून सुईनं टोचायचं, कागद उलगडून भोकांवर कोळशाची पूड मारायची आणि घडीवर तो उलटा करून पुन्हा मारायची. लाकडावर दोन्ही अंगं सारखी उतरतात.

"हा कागद कुणातरी सुतारानं वापरलाय," मी म्हणालो. "बहुतेक वखारीतल्या. त्यानं शांत बाजू निवडली. दुसरीला सुईसुद्धा लावली नाही."

"दोनी अंगां एकदम कोणीच कोरणा नाय?" धाकूनं विचारलं.

"कुणीच नाही. तुम्ही पहिले."

धाकूला याचा थोडा अभिमान वाटल्यासारखं दिसलं.

बापूसाहेब मात्र कागदाकडंच पाहत होते. "म्हणजे आमची सनद..."

"सुतारकामाचा नमुना."

"मूळपुरुषाला कप्तानानं..."

"दिला असेल की. मी कुठं नाही म्हणतो?"

"मास्तर, तुमची नोकरी कायम झाली का हो?"

"नाही."

"हं," बापूसाहेब म्हणाले. कट्.

नानासाहेबांनी या वेळी बराच लांब आवाज काढला. त्यात राग होता, एवढं मलाही कळलं. सगळे माईसाहेबांकडं वळले.

"ते म्हणतात, कागद सुताराचा असला तरी काच आपली आहे, परत लावून ठेवा. मेस्त्रींनी शांत बाजू धरावी. काम इथं ओटीवर, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर करावं."

"जत्रेची अट मात्र राहील," बापूसाहेब म्हणाले.

माईसाहेबांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा काहीच बोलला नव्हता, तेव्हा भाषांतर करायला काही नव्हतं.

"राहील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धाकूच्या मांगरात आल्या. खोतीणबाई सुताराकडं चालत आल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. खुटासाठी लाकूड पसंत करायला आले, असं त्यांनी सोबतच्या बाईला सांगितलं आणि तिला माडाखाली पडलेले नारळ मोजायला पाठवलं. मी तिथं होतोच. वाळीत टाकलेल्या माणसाकडं उठबस करणारा मी एकटाच, आणि माझ्या नोकरीचं आता काही वाईट व्हायचं उरलं नव्हतं.

"किती दिवस लागतील, मेस्त्री?"

"दोन दिस. तिसऱ्या दिसा पॉलिश."

"जत्रेला महिना आहे."

"म्हणान काय झाला? धाकू मेस्त्रीन काम रखडवलेला अजून कोणी आयकूक नाय."

"मग आता ऐकू दे," माईसाहेब म्हणाल्या.

त्यांनी फळीवरचा भुसा पदरानं झाडला आणि बसल्या. "बापूभावजी कोर्टाच्या कामाला सावंतवाडीला गेले होते, तेव्हा वेंगुर्ल्याहून डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, गार वारा लागून शीर सुजलीय. महिन्या-दीड महिन्यात तोंड आपलं आपण सरळ होईल. बहुतेकांचं होतं. डोळा तेवढा जपा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

"का?" मी विचारलं.

"भावजी म्हणाले असते, डॉक्टरला काय कळतं. आणि मास्तर, लग्न झाल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा एखादं वाक्य पुरं केलं. या थोड्या दिवसांत खाडीच्या बांधाचं भांडण मिटलं. माझी बहीण येऊन राहून गेली. चहात आलं पडायला लागलं."

धाकू तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"तोंड त्यांचं यायचंच आहे. तुम्ही आधी काम संपवलंत आणि तोंड आलं नाही, तर भावजी तुम्हाला खाडी दाखवतील. तोंड आलं तेव्हा तुमचा हात लाकडावर असला, तर तुमच्याकडं कुणी बोट दाखवणार नाही. म्हणून सांगते, सावकाश करा."

"आणि जत्रेपर्यंत इला नाय तर?"

माईसाहेब उठल्या. "तर मलाही काही करता येणार नाही."

"असा कसा? तुमी तर दोघांचा बोलतास!"

"सगळं त्यांच्या तोंडून बोलते, मेस्त्री," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडाला तिथं कोण विचारतो?"

काम सुरू झालं. मी पुष्कळ कारागीर पाहिले, पण सावकाश काम करताना इतके हाल झालेला माणूस पाहिला नाही. धाकू सकाळभर पटाशीला धार लावी, दुपारी ती धार उतरेपर्यंत दुसरीला लावी. बापूसाहेबांनी नानासाहेबांची आरामखुर्ची बरोबर समोर मांडली होती. एक ढलपी उडाली की ते भावाचा गाल तपासत. नानासाहेबांचा न मिटणारा डोळा दिवसभर पटाशीच्या टोकावर.

गाल काढायचा दिवस आला. धाकूनं मधल्या रेघेवर बारीक करवत घातली, मागून पटाशी सारली, आणि ओघळलेला गाल, लोंबता ओठ, उघडा डोळा, सगळं एका तुकड्यात त्याच्या हातात आलं. खुर्चीवर आता निम्मा चेहरा आणि निम्मं भोक. भोकात नुसती सावली होती.

बापूसाहेब उठून उभे राहिले. आडकित्ता उघडा होता. नानासाहेबांनी हळूच स्वतःचा गाल चाचपून पाहिला.

"ह्हुऽऽफ."

"ते म्हणतात," माईसाहेब म्हणाल्या, "हलकं वाटतंय."

बापूसाहेब बसले.

त्यानंतर धाकूनं नवीन खुटासाठी लाकूड निवडलं. ते सावलीत वाळवावं लागलं. वाळल्यावर त्याची शीर जुळेना, म्हणून दुसरं निवडलं. तेही वाळवावं लागलं. गावात धाकू मेस्त्रीचं काम रखडल्याची गोष्ट झाली, आणि ती ऐकून धाकूनं रात्रीचं जेवण टाकलं.

जत्रा तोंडावर आली. नानासाहेबांचा ओठ होता तिथंच होता. एका सकाळी धाकूच्या घरामागं, खाडीत, एक रिकामी होडी बांधलेली दिसली. कुणी बांधली ते कुणी सांगेना. धाकूच्या बायकोनं ती पाहिली आणि चुलीमागची उतरंड खाली काढायला घेतली. एकेक मडकं पुसून ती पेंढ्यात ठेवत होती. धाकू उंबऱ्यात बसून ते बघत होता. त्याचा गुळगुळीत गाल माझ्याकडं होता. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी बापूसाहेब म्हणाले, "खुट तयार आसा मां? मगे आज बसव. आजच काय तो सोक्षमोक्ष."

निम्मं गाव अंगणात उभं होतं. आता रखडवायला काही उरलं नव्हतं. धाकूनं सरस गरम केला. नवा गाल हातात घेतला. काम असं सुबक, की कागदातल्या त्या वलंदेज सुतारानं शिष्य म्हणून ठेवून घेतला असता. त्यानं सरस लावला. मग खुट हातात धरून तो तसाच थांबला आणि माझ्याकडं पाहू लागला. मी माईसाहेबांकडं पाहिलं. त्या नवऱ्याकडं पाहत होत्या.

"बसव," बापूसाहेब म्हणाले. आडकित्ता वाजायचा थांबला होता. त्या शांततेत एक माशी आली.

ती नानासाहेबांच्या त्या उघड्या डोळ्याकडं निघाली. रोज माईसाहेब पंख्यानं वारत. आज त्यांचा हात वर गेला आणि मधेच थांबला. माशी पापणीवर बसली.

पापणी मिटली आणि उघडली.

"माशी," नानासाहेब म्हणाले.

स्पष्ट. ओठाला ओठ लावून. ओठांचा कोपरा थोडा मागं होता, पण चालू लागला होता. बहुधा दोन-चार दिवस चालतच असावा. आम्ही सगळे लाकडाचा चेहरा बघत होतो, माणसाचा कुणी बघितलाच नव्हता.

"मेली माशी," नानासाहेब पुन्हा म्हणाले, आणि अंगणातून आरडाओरडा उठला.

धाकू भानावर आला आणि खुट बसवायला वळला. बापूसाहेबांनी झेप घेऊन त्याचा हात धरला.

"थांब! हात लावू नको! आसा तसाच ऱ्हवांदे!"

"अवो पण काम अर्धा आसा! माजा नाव जातला!"

"अर्धाच ऱ्हवांदे! वायट अंग काडलंस नि तोंड इला. आता खुट बसवलंस नि परत गेला तर?"

लोकांनी माना डोलावल्या. हे सगळ्यांना पटलं. मी डॉक्टरांनी सांगितलेल्या शिरेबद्दल बोलायला तोंड उघडलं. माईसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला खोकला आला.

ती खुर्ची अजून तशीच आहे. निम्मा शांत चेहरा आणि निम्मी सावली. मधल्या काळात धाकूकडं गुडघे, कान, वांझ म्हशी असल्या तक्रारी घेऊन लांबून माणसं येत, आणि तो प्रत्येकाला खुर्चीचा तो न बसवलेला गाल दाखवून म्हणे, ह्या बगा माजा खरा काम. बघायला कुणी थांबत नसे.

पण ते पुढं. त्या दिवशी आरडाओरडा ओसरल्यावर नानासाहेब आरामखुर्चीत सरळ बसले आणि धाकूकडं पाहू लागले. पाहता पाहता कपाळाला आठी पडली. दोन्ही बाजूंनी पडली. धाकूच्या घरामागं होडी अजून बांधलेली होती.

"मेस्त्री, ही काय दशा?" नानासाहेब म्हणाले. "जत्रेला असा येणार? बोलवा रे त्या न्हाव्याला. म्हणावं, राहिलेली दाढी आधी पुरी कर."

माणसं न्हाव्याला हुडकायला धावली. धाकूची बायको अंगणाच्या कडेला उभी होती, ती उतरंड लावायला वळली. धाकूनं हातातला सरस धोतराला पुसला आणि पहिल्यांदाच काही न म्हणता उभा राहिला.

तेवढ्यात चहा आला. नानासाहेबांनी घोट घेतला. सांडला नाही. त्यांनी कप खाली आपटला.

"चहात आलं कुणी घातलं? या घरात कुणाला विचारून चाललंय हे? बांधाचं काय म्हणत होता तुम्ही, मिटलं? कुणी मिटवलं? मी पडलो म्हणजे मेलो, असं वाटलं काय सगळ्यांना? माझ्या घरात माझ्या पश्चात..."

सव्वा महिन्याची थकबाकी होती. भिंतीवर चौकटीची काच थरथरत होती. माईसाहेब पंखा मांडीवर ठेवून ऐकत होत्या, पूर्वीसारख्या, खाली मान घालून. मग नानासाहेब श्वास घ्यायला थांबले.

"मेस्त्री," त्या म्हणाल्या, "तो काढलेला गाल टाकला नाहीत ना?"

"नाय. आसा पिशयेत."

"मग जाताना ठेवून जा. ह्यांचा जेवायचा पाट डुगडुगतो. खाली सारायला हवाय."